टाक्या भरलेल्या आहेत

४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पहिला विचार आला की कुणीतरी गेलं. सात वर्षं ज्यानं साधी चौकशी केली नाही, तो दुसऱ्या कशासाठी लिहिणार? दारातच उभ्या उभ्या पाकीट फाडलं. आत काय, तर म्हणे शेअर घे!

तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या भावोजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण त्यांना मजकूर फारच आवडला. कंपनी अडचणीत आहे हे खरं, पण तात्पुरती. कंपनी नवे शेअर काढतेय, त्यातले काही माजी कामगारांसाठी राखून ठेवलेत. बाजारात सतराला आहे तो आम्हाला अकराला मिळेल. ३१ मार्च शेवटची तारीख. आणि खाली तुझ्या हातचं: ‘ताई, टाक्या भरलेल्या आहेत. हवं तर तू स्वतः येऊन बघ.’

भावोजी तुझे हरखून गेलेत. कंपनी नवीन निघाली तेव्हा हा शेअर नऊला होता आणि मी यांना घेऊ दिला नाही. पुढे तो दोनशे चाळीसवर गेला. त्या दोनशे चाळीसचं दुःख हे वीस वर्षं उगाळतायत. काल भिंग घेऊन पेपरातलं शेअरचं पान पाहत बसले होते. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, पण घरातलं एक कपाट सरळ लावता आलं नाही, आणि आता मला बाजार समजावतोय.

मला मात्र पत्र वाचल्यापासून कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय. मी तुमच्याच कंपनीच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं तेल तपासलं. बाटलीवर काय चिठ्ठी चिकटवलीय ते मी कधी वाचत नसे, आधी बाटली उघडायची. म्हणून सरळ विचारते.

अध्यक्षांनी जानेवारीत राजीनामा का दिला? तब्येतीचं कारण सांगू नकोस, ते पेपरात आलंय.

बँकांनी तीन महिन्यांत दोनदा कर्जाची मुदत का वाढवली?

माझी निवृत्तीची ठेव वीस मार्चला सुटते. तुझं पत्र दोन मार्चला येतं. हे तुला कुणी सांगितलं?

आणि तू स्वतः किती शेअर घेतोयस?

फोन करू नकोस. फोनवर तू मधेच बोलतोस. कागदावर तरी माणसाला समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

मी घेणार नाहीये. नुसती विचारतेय.

ताई


११ मार्च

धाकट्या,

उत्तर चार दिवसांत आलं, म्हणजे लिहायची सवय मोडलेली नाही.

अध्यक्षांचं तू ‘संचालक मंडळात मतभेद’ असं लिहिलंयस. बरं. बँकांचं म्हणतोस की मुदत वाढवली म्हणजेच त्यांचा विश्वास आहे, कारण कर्ज टाक्यांतल्या तेलावर दिलंय आणि तेल तर जागच्या जागी आहे. ‘दर महिन्याच्या साठ्याच्या दाखल्यावर माझीच सही असते, ताई, आणखी काय हवं?’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू साठा विभागाचा प्रमुख झालास हे मला पेपरातून कळलं होतं. तुझी सही असते हे आज कळलं.

ठेवीचं म्हणतोस, अंदाज बांधला. माझ्या निवृत्तीची तारीख तुला ठाऊक, मुदत सात वर्षांची असते, हिशेब सोपा आहे. असेल.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही. पान उलटून पाहिलं, पाकिटात हात घालून पाहिला. नाही.

काल पंपवाला भेटला. आठवतो ना, तिसऱ्या पंपघरात होता, हसला की अख्ख्या आवारात ऐकू जायचा. दवाखान्याच्या रांगेत माझ्या पुढे होता. त्यालाही शेअरचं पत्र आलंय, पण छापील. खिशातच घेऊन हिंडतो. मी त्याचं वाचलं. तुझ्या पत्रातलं प्रत्येक वाक्य त्यात आहे, स्वल्पविरामासकट. म्हणजे भावानं बहिणीला सात वर्षांनी लिहिलेलं पत्र कंपनीच्या कारकुनानं तयार केलं होतं! तिथेच इतकी लाज वाटली की माझा नंबर पुकारला तो ऐकूच आला नाही.

फक्त ‘टाक्या भरलेल्या आहेत, येऊन बघ’ ही ओळ त्याच्या पत्रात नव्हती.

मी त्याला विचारलं, “घेणार का?”

“घेणार म्हणजे! फंडाचे सगळे घालतोय. अठ्ठावीसला भरायचे. आपली कंपनी आहे बाई, बुडेल कशी? तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते बुडत नाही!” आणि हसला. रांगेतली सगळी माणसं वळून पाहायला लागली.

“आणि जुने शेअर आहेत?”

“आहेत की. आणखी थोडे तर मागच्या दिवाळीत दिवाणखान्याच्या रंगाचे पैसे वाचवून घेतले. नव्वदला. बायको अजून बोलत नाही.”

मी त्याला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होते? की माझा माझ्या भावावर विश्वास नाही?

कंपनीनं सतरा तारखेला माजी कामगारांसाठी आवार पाहण्याचा कार्यक्रम ठेवलाय. बस पाठवणार आहेत. भावोजींनी दोघांची नावं दिली, मला न विचारता. जाऊन येते. तू बोलावलंच आहेस.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

काल आवार पाहून आलो. व्यवस्था छान होती. बसमध्ये पडदे होते. प्रत्येकाला पांढरं हेल्मेट आणि बिस्किटांचं पाकीट दिलं. मोठ्या पडद्यावर सगळ्या टाक्यांची पातळी दाखवली, सगळ्या काठोकाठ. एका सूटवाल्या तरुणानं भाषण केलं, टाळ्या झाल्या. तू दिसला नाहीस. तुझ्या खुर्चीवर कोट होता.

माझे गुडघे दुखतात म्हणून मी टाकीवर वगैरे चढले नाही. खालूनच पाहिलं.

लॅबमध्ये आता सगळी नवी माणसं आहेत. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आठवतेय का, एकदा आम्लाची बरणी फोडून रडत बसली होती ती? तिची म्हणे बदली झाली. भेट झाली नाही.

शेअरचं अजून ठरलं नाही. तुला काय घाई आहे?

ताई


२१ मार्च

धाकट्या,

अठराच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्या हाती ते पत्र पडेपर्यंत मला काही गोष्टी सुरक्षित जागी पोचवायच्या होत्या. पोचवल्या. आता खरं लिहिते.

जेवणाच्या वेळी सगळ्यांना हॉलमध्ये नेलं. मी हात धुवायला जाते म्हणाले आणि मागच्या बाजूनं नऊ नंबरच्या टाकीकडे गेले. वाट अजून तीच आहे, फक्त नळांना नवा रंग दिलाय. टाकीच्या पायथ्याशी मापाची फीत गुंडाळत कोण बसलं होतं? तीच, बरणीवाली. आता तिची पोरं कॉलेजात जातात. बदली झालीय हे खरं, लॅबमधून टाक्यांवर. मला पाहून उठली, हसली, आणि मग तिचं हसू गेलं.

“बाई, तुम्ही इकडे नका येऊ.”

“का गं?”

“नका येऊ म्हटलं ना.”

तिच्या वहीत डोकावले. टाकीतून तेलाचे तीन नमुने घ्यायचे असतात, वरचा, मधला आणि तळाचा, हे तिला मीच शिकवलं. वहीत ऑगस्टपासून फक्त वरच्या नमुन्याचे आकडे आहेत. मधल्या आणि तळाच्या रकान्यात नुसत्या रेघा. पट्टीनं आखलेल्या, सरळ.

“हे काय?”

“वरूनच घ्यायचा हुकूम आहे.”

“कुणाचा?”

वहीवर पानाच्या तळाशी ‘तपासले’ म्हणून जी सही आहे तिच्याकडे तिनं पाहिलं. मीही पाहिलं. ती सही मी तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाशेजारी बसून तुला करायला शिकवली होती, बाबांची नक्कल म्हणून.

मी म्हणाले, “चल वर. डिप घेऊ, फीत सोडून मापू.”

“बाई, माझी नोकरी जाईल.”

“तू घेऊ नकोस. फीत माझ्याकडे दे. मी हट्टी म्हातारी आहे, तुझं ऐकलं नाही, असं सांग.”

मग तिनंच पुढे होऊन जिना चढायला सुरुवात केली. चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. मी तीनदा बसले. गुडघ्यांचं तेवढं खोटं नव्हतं.

पाणी शोधायची पेस्ट असते, तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण हा कागद उद्या दुसऱ्या कुणी वाचला तर त्यालाही कळायला हवं. ती खाकी असते. फितीवर चोपडून फीत टाकीत सोडायची. तेलात पेस्ट तशीच राहते, पाणी लागलं की लाल होते. टाकीच्या तळाशी वीतभर पाणी नेहमीच सापडतं. म्हणून मी आधी तळाच्या मीटरभर फितीला पेस्ट लावली. वर ओढली, सगळी लाल. मग चार मीटरपर्यंत लावली. सगळी लाल. ती मुलगी शेजारी उभी राहून ओठ चावत होती. तिसऱ्या वेळी मी दहा मीटरपर्यंत लावली. फीत हळूहळू वर आली, खाकी, खाकी, आणि साडेनऊच्या खुणेपाशी रेघ मारल्यासारखी लाल.

धाकट्या, टाकीत चौदा मीटर माल आहे. त्यातलं साडेनऊ मीटर पाणी आहे. वर साडेचार मीटर तेल तरंगतंय, नमुना घ्यायला.

“बाकीच्या टाक्या?” मी विचारलं.

“अकरा आणि बारा पण,” ती म्हणाली. “सहा नंबरचं मला माहीत नाही, तिकडे मला पाठवत नाहीत.”

मी वरचा, मधला आणि तळाचा नमुना घेतला. तिच्याकडच्या तीन बाटल्या, तिचं लाखेचं सील. पिशवीत घालून वर बिस्किटांची पाकिटं ठेवली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. भावोजी म्हणाले, “एवढी बिस्किटं कशाला गोळा केलीस?” त्या बाटल्या आता कुठे आहेत ते मी तुला सांगणार नाही. कंपनीतल्या कुणाला पाठवून शोधाशोध करायची असेल तर माझ्या घरी येऊ नका, तिथे नाहीत.

आता दुसरी गोष्ट. काल बँकेतून ठेवीचे पैसे मिळायचे होते. सकाळी यांच्या टेबलावर तुमच्या शेअरचा अर्ज सापडला. सगळा भरलेला. माझ्या नावापुढे पेन्सिलीनं फुली, इथे सही कर म्हणून. ठेव दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय निघत नाही, नाहीतर निघालीही असती. मी तो अर्ज यांच्या ताटाशेजारी ठेवला.

“कुणी भरून दिला?” मी विचारलं.

“मीच भरला.”

“अक्षर तुमचं आहे. आकडे कुणाचे आहेत? शेअर किती मिळतील, रक्कम किती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

यांनी चमचा खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. सात वर्षं हे तुला दर महिन्याला फोन करतायत. फिरायला जातो म्हणून बागेत जायचे आणि बाकावर बसून तुझ्याशी बोलायचे. माझं ब्लडप्रेशर, माझी ठेव, मी कुणाशी भांडले, सगळं तुला ठाऊक. आणि तू मला लिहितोस, अंदाज बांधला!

मी उठून जाणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, “अगं, पण तो तर मला नको म्हणत होता.”

“काय नको म्हणत होता?”

“पैसे भरायला. तीनदा म्हणाला. भावोजी, ताई स्वतः जाऊन बघून येईपर्यंत एक पैसाही भरू नका. वचन घेतलं माझ्याकडून.”

मी खाली बसले. यांना अजून टाकीतल्या पाण्याचं काहीच माहीत नव्हतं. त्यामुळे यांनी हे बनवून सांगितलं असं मला म्हणताही येईना.

रात्रभर नाही, पण दिवसभर त्यावर विचार केला. मी जाऊन बघावं असं तुला हवं होतं. मी डिप घेतल्याशिवाय कशालाही हो म्हणत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मग तू मला वाचवत होतास? की तुझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते माझ्या तोंडून काढून घेत होतास? की आणखी तिसरंच काही आहे आणि मी परत फसतेय? काही झालं तरी त्या दाखल्यांवर सही तुझी आहे. ऑगस्ट ते फेब्रुवारी, सात दाखले.

शेअर बाजार नियामकांचं कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडं असतं. तू सव्वीस तारखेपर्यंत स्वतः जा. नाही गेलास तर सत्तावीसला मी जाईन. अठ्ठावीसला पंपवाला पैसे भरणार आहे.

ताई


२८ मार्च

धाकट्या,

हे पत्र कुठे पाठवायचं तेही कळत नाही. घरचा फोन बंद आहे. तुझ्या बायकोच्या माहेरच्या पत्त्यावर टाकते.

सव्वीसपर्यंत तुझा निरोप आला नाही. सत्तावीसला सकाळी मी बाटल्या काढल्या, जुन्या शालीत गुंडाळल्या आणि निघाले. भावोजी बरोबर आले. वाटेत पिशवी मला उचलू दिली नाही.

तिसरा मजला, लांब खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, सत्तेचाळीस नंबर आला. दीड तासानं खिडकीपाशी गेले. आतल्या बाईंना कंपनीचं नाव सांगितलं आणि म्हणाले, “टाक्यांमधल्या साठ्याबद्दल तक्रार आहे.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “नऊ, अकरा, बारा?”

मी नंबर सांगितलेच नव्हते. वाटलं, इथेही कंपनीची माणसं आहेत, आता पिशवी हिसकावून घेतील. मी पिशवी भावोजींच्या मागे सरकवली.

“आणि सहा,” बाई म्हणाल्या. “काल संध्याकाळी कार्यालय बंद होताना एक गृहस्थ आले होते. रजिस्टर घेऊन. तुम्ही कोण?”

मी कोण ते सांगायला मला वेळ लागला. आधी म्हणाले, लॅबमध्ये होते. मग म्हणाले, त्या गृहस्थांची बहीण.

त्यांनी पाणी दिलं. बाटल्यांची पावती दिली. दुपारी चारला शेअरची विक्री थांबवल्याची बातमी आली.

सव्वीसच्या संध्याकाळी गेलास, कार्यालय बंद होताना. मी दिलेल्या मुदतीच्या अगदी टोकाला. माझ्या पत्राशिवाय गेला असतास का, हा प्रश्न मी स्वतःला विचारणार नव्हते. तरी विचारतेच आहे.

आज पंपवाला दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आभार मानायला आला. त्याचे फंडाचे पैसे वाचले ना. तो म्हणाला, “बाई, जुने चार हजार शेअर होते माझे. परवापर्यंत सतराला विकले गेले असते. आज कुणी फुकट घेत नाही. तुम्ही एक आठवडा आधी माझ्या कानात सांगितलं असतं तर?”

“मग ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडले असते.”

“पडू दे की!” तो ओरडला. “ते माझे कोण लागत होते?”

हसला मात्र नाही. जाताना फाटक उघडंच टाकून गेला.

बरणीवाली मुलगीही घरी बसलीय. अख्खं आवारच बंद केलंय, अकराशे माणसं घरी. ती मला दोष देत नाही. त्यामुळे जास्त त्रास होतो.

कुठे आहेस ते कळव. रागावून विचारत नाहीये.

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

तुझं आठ पानी पत्र मिळालं. एका बैठकीत वाचलं नाही, जमलं नाही.

तू लिहितोस की ऑगस्टमध्ये पहिल्या दाखल्याच्या वेळी तुला सांगितलं गेलं, ही एका महिन्याची गोष्ट आहे, जहाज येतंय, टाकी भरून जाईल. सप्टेंबरात पुन्हा तेच. ऑक्टोबरात तू नाही म्हणालास तेव्हा तुझ्याच आधीच्या दोन सह्या तुझ्यासमोर ठेवल्या. हे मला खरं वाटतं. माणूस असाच अडकतो, एकदम नाही, महिन्या-महिन्यानं.

तू लिहितोस की फोनवर आणि ऑफिसात तुझ्यावर नजर होती, पत्रं उघडली जायची, म्हणून छापील मजकूर हातानं उतरवून काढलास आणि त्यात एकच ओळ आपली घातलीस. ‘मला माहीत होतं ताई, तू येशील आणि वर चढशील.’ हे खरं असावं असं मला फार वाटतं. पण एकोणतीस वर्षं मला ‘असावं’ लिहायची परवानगी नव्हती. तू बागेतल्या बाकावरच्या फोनवर यांना सगळं सांगू शकला असतास. तो फोन कोण ऐकत होतं? यांना ‘भरू नका’ म्हणालास, ‘बुडणार आहे’ म्हणाला नाहीस. थोडं धाडस केलंस आणि उरलेलं माझ्या गुडघ्यांवर सोडलंस.

आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर सहाव्या पानावर सापडलं. नोव्हेंबरात तू तुझे सगळे शेअर विकलेस. नव्वदच्या भावानं. मुलीच्या परदेशातल्या शिक्षणाची फी भरायची होती, असं लिहिलंयस. फी खरी असेल. पण तेव्हा तुला आत पाणी आहे हे माहीत होतं आणि घेणाऱ्याला नव्हतं. पंपवाल्यानंही नव्वदलाच घेतले होते. तुझेच असतील असं मी म्हणत नाही. कुणाचे तरी होतेच.

मला मंगळवारच्या सुनावणीला साक्षीसाठी बोलावलंय. विचारतील ते मी सांगणार. सात सह्या सांगणार. तू स्वतःहून रजिस्टर घेऊन गेलास हेही सांगणार. नोव्हेंबरचं विचारलं तर नोव्हेंबरचंही सांगणार, तूच मला लिहून कळवलंस म्हणून सांगणार. त्यांना माझ्याआधी तू सांगितलंस तर मला फार बरं वाटेल.

आता एक माझंही ऐक. हे मी तुझ्या भावोजींनाही कधी सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी त्या जहाजाच्या डिझेलमध्ये पाणी निघालं, तू मला पुन्हा तपासायला सांगितलंस, मी नाही म्हणाले, तू दुसऱ्याकडून अहवाल करून घेतलास आणि माझी रवानगी बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले. प्रत्येक वेळी मीच शूर. पण पुढे काय झालं ते मी गाळते. कामगार अधिकाऱ्यानं मला बोलावून विचारलं होतं की बाई, लेखी तक्रार करणार का? मी म्हणाले, तीन वर्षं आधी सोडते, पूर्ण पेन्शन द्या. त्यांनी दिली. जी ठेव वीस मार्चला सुटली ती त्यातल्याच एकरकमी पैशांची. मी खोट्या अहवालावर सही केली नाही, एवढंच. गप्प बसायचे पैसे मात्र घेतले, आणि सात वर्षं तुझ्यावर रुसून बसले, कारण तुझ्याकडे पाहिलं की मला तो कागद आठवायचा.

त्या वेळी मी लिहून दिलं असतं तर कदाचित कुणालाही नऊ नंबरच्या टाकीत नळी सोडायची हिंमत झाली नसती. कदाचित झालीही असती. हे आता कुठल्याच पेस्टनं तपासता येणार नाही. मंगळवारी मला विचारणार नाहीत, तरी मी सांगणार आहे. भावोजींना आज चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “पेन्शन परत करावी लागेल का?” मी म्हणाले, माहीत नाही. म्हणाले, “लागली तर बघू.” आणि चहा प्यायले.

सुनावणीला वेळेवर पोचायचं तर साडेआठला निघायला हवं. तुझी गाडी कंपनीनं काढून घेतलीय हे मला कळलंय, कसं ते विचारू नकोस, यांचा फोन अजून चालू आहे. आदल्या दिवशी इकडे ये. समोरच्या खोलीत अंथरूण घालते. केसबद्दल घरात बोलायचं नाही, तू साक्षीदाराला शिकवलंस असं व्हायला नको, आणि मलाही तू शिकवतोयस की काय असं सारखं वाटत राहील. दुसरं काय बोलायचं ते आपण पाहू.

तिथे गेल्यावर तू तुझ्या बाकावर बसायचं, मी साक्षीदारांच्या बाकावर. मी तुझ्याकडे पाहीन की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

पण घरून एकाच गाडीनं जाऊ.

तुझी,
ताई